बोटीवरचा उतारू



गेल्या वर्षी आपल्या शाळेची एक सहल नार्वे येथे गेली होती. श्रीसप्तकोटेश्वराचे दर्शन घ्यावे, छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला ते मुलांना दाखवावे, आणि मग फेरीबोटीने नदी ओलांडून पलीकडच्या दिवाडी बेटावर, जेथे देवाचे मूळ स्थान होते तेथे जावे, असा बेत होता. साठ मुले-मुली आणि आम्ही तिघे शिक्षक. सकाळची वेळ, नदी इतकी संथ की तीवर सुरकुती दिसू नये. फेरीबोट धक्का सोडून मध्यावर आली असेल नसेल, तोच एका मुलाने हात उंचावून "मानगें! मानगें!" अशी आरोळी ठोकली. आमच्या कोकणीत मगरीला मानगें म्हणतात आणि आपल्या ह्या नद्यांतून व खाड्यांतून ते खरोखरच असते, हे तुम्हांस सांगावयास नको. एका क्षणात साठच्या साठ मुले उजव्या कठड्याला जाऊन भिडली. बोट किंचित त्या अंगास झुकली. डाव्या बाजूस उभी केलेली एक मोटारसायकल डुगडुगली व तिच्या मालकाने ती कशीबशी सावरली.

"मदीं रावात! सगळीं मदीं रावात!" असे एक वयस्क खलाशी ओरडला, तेव्हा मुले नाखुषीने मागे सरली. ते मानगें नव्हतेच. माडाचा एक कुजका ओंडका भरतीबरोबर वर चालला होता. परंतु मला आठवते ते निराळेच. मुलांना दटावून झाल्यावर खलाशी माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, तुमी लेगीत?" कारण मीही धावलो होतो, आणि कठड्याशी सर्वांत पुढे मीच होतो.

धोका मुळीच नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आपल्या फेरीबोटी पसरट तळाच्या असतात व साठ मुलांनी त्या उलटत नाहीत. तरीसुद्धा त्या तीन शब्दांनी मी पुढे कित्येक दिवस बेचैन होतो. मी स्वतः वर्गात शिस्तीवर व्याख्याने देतो; मग बोटीवर ती शिस्त मला का आठवली नाही? ह्या प्रश्नाच्या निमित्ताने जे वाचले आणि विचारले, ते तुमच्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम एक प्रयोग करा. घरी मोठ्या टोपात पाणी भरा आणि एखाद्या पसरट डब्याचे झाकण त्यावर तरंगत सोडा. झाकणाच्या मधोमध रुपयाची दहा नाणी ठेवा. ते निमूटपणे तरंगत राहील. आता तीच नाणी एकेक करून एका कडेला सरकवा. एक वेळ अशी येईल की झाकणाची कड पाण्याला टेकेल, थोडे पाणी आत शिरेल, आणि मग शेवटचे नाणे सरकविण्याची तुम्हांस गरजच उरणार नाही. ध्यानात घ्या की वजन तेच आहे. एक नाणेही आपण वाढविलेले नाही. फरक पडला तो केवळ जागेचा. पुढे झाकणावर आगपेटी उभी करून नाणी तिच्या माथ्यावर ठेवून पाहा. म्हणजे वरच्या डेकवर गर्दी झाली की बोट लवकर का कलंडते तेही उमजेल.

आता हिशेब मांडू. मुलाचे सरासरी वजन चाळीस किलो धरले तर साठ मुलांचे चोवीसशे किलो, म्हणजे जवळजवळ अडीच टन. ही मुले मध्यापासून चार मीटरांवर असलेल्या कठड्याशी एकदम धावली, म्हणजे मालाने भरलेला एक टेंपो कोणी बोटीच्या मध्यावरून उचलून कडेला नेऊन ठेवल्यासारखेच झाले. टेंपोवाल्याने असे केले असते तर आपण सर्वांनी मिळून त्याला शिव्या घातल्या असत्या. परंतु प्रत्येक मुलाला वाटत असते की मी तर एकटाच धावतो आहे, माझ्या चाळीस किलोंनी काय होणार?

आणखी एक गोष्ट स्वयंपाकघरातली. पाण्याने अर्धी भरलेली परात उचलून चालणे किती अवघड, ते आईला विचारा. परात जरा एका बाजूस झुकली की सगळे पाणी त्याच बाजूस धावते आणि ती अधिकच झुकविते. बोटीच्या डेकवर पाणी आले की नेमके हेच होते. आणि घाबरलेली माणसे त्या पाण्यासारखीच वागतात.

डिचोलीच्या बाजूच्या मुलांनी मांडवीतून खनिज नेणारी बार्ज पाहिली असेल. भरलेले बार्ज इतके खोल बसते की लांबून पाहणाऱ्यास नुसती मातीची रास पाण्यावरून चालल्यासारखी दिसते. मोठ्या जहाजांच्या अंगावर एक वर्तुळ व त्यातून गेलेली आडवी रेघ रंगविलेली असते. त्या रेघेच्या वर पाणी येईल इतका भार भरावयाचा नाही, असा तिचा अर्थ. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या गृहस्थाने पार्लमेंटात ह्यासाठी वर्षानुवर्षे भांडण मांडले व १८७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच्या आधी विम्याच्या पैशांवर डोळा ठेवून कुजकी जहाजे वाजवीपेक्षा जास्त भरून समुद्रात लोटणारे मालक होते. म्हणजे नियम मोडणारे सगळेच उतारू असतात असे नाही. ह्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

उताऱ्यांच्या वागण्याविषयी मला पहिल्यांदा ऐकावयास मिळाले ते माझ्या आजोबांकडून. ते मुंबईत नोकरीला होते आणि आमच्या पेडणे महालातून वेंगुर्ल्यास जाऊन तेथून आगबोट पकडीत. बोट बंदरात दूरवर नांगरून उभी राही व पडावातून तिच्यापर्यंत जावे लागे. पडाव बोटीला लागतो न लागतो तोच तरणीताठी माणसे उड्या मारून वर चढत, आणि वर जाताच पहिले काम म्हणजे सतरंजी टाकून जागा धरणे. एकाने चार सतरंज्या अंथरावयाच्या आणि "माणसे येताहेत" असे सांगावयाचे. ती माणसे पुष्कळदा मालवण किंवा देवगड येईपर्यंत येतच नसत! मागून तान्हे मूल घेऊन आलेल्या बाईला मग जिन्याच्या तोंडाशी बसावे लागे. जिन्याच्या पायऱ्यांवर ट्रंका, आंब्याच्या पेट्या, फणस. बोट लागलेली माणसे जागच्या जागी ओकत. ही सगळी हकिगत आजोबा मोठ्या रंगात सांगत, आणि शेवटी एक वाक्य ते नेहमी बोलत, "जिना मोकळा ठेवा म्हणून खलाशी ओरडे, आणि आम्ही हसत असू."

त्या आगबोटी आता राहिल्या नाहीत. आज मुरगाव बंदरात येतात ती क्रूझ जहाजे म्हणजे तरंगती शहरेच होत. २०२४ मध्ये प्रवासास लागलेल्या जगातील सर्वांत मोठ्या जहाजांपैकी एकावर सात हजारांहून अधिक उतारू मावतात. पोहण्याचे तलाव, नाटकगृहे, दहा-दहा भोजनगृहे. आजोबांची सतरंजी मात्र तेथेही सुटलेली नाही. भल्या पहाटे उठून तलावाकाठच्या आरामखुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेवावयाचा व आपण दुपारपर्यंत फिरकावयाचे नाही, ही खोड सुशिक्षित व सधन उताऱ्यांत इतकी पसरली आहे की कित्येक कंपन्यांना असे टॉवेल उचलून नेण्याचा नियम करावा लागला. कोणी रांग मोडतो. कोणी आजार लपवून जहाजावर चढतो व तो शेकडो जणांस वाटतो. कोणी मनाई असलेल्या ठिकाणी सिगारेट ओढतो. ह्यावर हसून सोडून देण्याचा मोह होतो, कारण खुर्चीवाचून कोणी मरत नाही.

परंतु सिगारेटीचे काय झाले ते ऐका. २३ मार्च २००६ च्या पहाटे स्टार प्रिन्सेस हे प्रचंड जहाज कॅरिबियन समुद्रातून जमेकाकडे चालले असता त्याच्या एका बाजूच्या सज्ज्यांना आग लागली. बघता बघता ती एका सज्ज्यावरून दुसऱ्यावर व एका मजल्यावरून वरच्या मजल्यावर गेली. दोनशेंहून अधिक खोल्यांना तिची झळ पोचली आणि धुराने एक उतारू मृत्यू पावला. चौकशी करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की विझविल्यावाचून फेकलेल्या सिगारेटीपासून ही आग लागली असण्याचाच संभव अधिक. सज्ज्यांचे सामान व पडदे लवकर पेट घेणारे होते, हा बांधणाऱ्यांचा दोष त्यांनी नजरेस आणलाच. पण थोटूक कोणा एकाच्या बोटांतून सुटले होते. तो कोण हे त्याला स्वतःला तरी कळले असेल की नाही कोणास ठाऊक.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. दिनांक १७ जुलै १९४७, गुरुवार. देशाच्या स्वातंत्र्याला एक महिना राहिला होता. आषाढी अमावस्येचा सण म्हणून मुंबईत कामाला असलेली अलिबागकडची माणसे घरी निघाली होती. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' नावाची आगबोट रेवसला जाण्यास सुटली. तीवर सुमारे सातशे उतारू होते. पाऊस, वारा, उसळलेला समुद्र. काशाच्या खडकाजवळ ती आली तेव्हा तुफान वाढले आणि लाटांचे पाणी डेकवर येऊ लागले. वाचलेल्यांच्या हकिगतींवरून असे दिसते की भ्यालेले उतारू पाण्यापासून दूर म्हणून एका बाजूस धावले. बोट त्या अंगास कलली. आणि पाठोपाठ आलेल्या लाटेने ती पालथी झाली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. मासेमारीस गेलेल्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जी माणसे बाहेर काढली ती काढली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. किनाऱ्यापासून इतक्या जवळ एवढा अनर्थ घडला, आणि मुंबईस त्याची वार्ता कळण्यास कित्येक तास लागले.

आता विचारावेसे वाटते, ते धावलेले उतारू बेशिस्त होते काय? मला तसे म्हणवत नाही. अंगावर लाट येत असता माणूस मागे सरतो. तो विचार करीत नाही, करूच शकत नाही. नार्व्याच्या संथ नदीत, एका ओंडक्यासाठी, मी काय केले ते मला माहीत आहे. मरणाच्या भयाने मी काय केले असते? मला वाटते प्रश्नाची खरी मेख येथे आहे. भयाच्या क्षणी नियम शिकता येत नाही. त्या क्षणी फक्त आधी अंगवळणी पडलेले तेवढे उपयोगी येते. ज्याला उन्हात, हसतखेळत असताना जिना मोकळा ठेवण्याची सवय नाही, त्याला तुफानात ती आठवण कोण देणार? खुर्चीवरचा टॉवेल आणि जिन्यावरची ट्रंक ह्या दोहोंत मला आता पूर्वीइतके अंतर दिसत नाही.

आणि नेहमी भयच लागते असेही नाही, कुतूहलही पुरते. केरळात थेक्कडी येथील तलावात ३० सप्टेंबर २००९ रोजी 'जलकन्यका' नावाची दुमजली बोट पर्यटकांना घेऊन फिरत होती. काठावर वन्य प्राणी दिसले, आणि ते पाहण्यासाठी उतारू एकदम एका बाजूस सरकले. बोट उलटली व पंचेचाळीस माणसे मरण पावली. त्या बोटीच्या बांधणीतही दोष होते. तरी ही बातमी मी वाचली तेव्हा माझ्या कानात "मानगें! मानगें!" हीच आरोळी घुमली.

मोठ्या जहाजांवर संकटसमयीची कवायत असते. घंटा झाली की प्रत्येकाने ठरलेल्या जागी जमावयाचे, लाइफ जॅकेट कसे बांधावयाचे ते पाहावयाचे, आपली नाव कोणती ते समजून घ्यावयाचे. सुट्टीवर आलेल्या उताऱ्यांस ही कवायत फार कंटाळवाणी वाटते. कोणी खोलीत दडून बसतो, कोणी त्या वेळी गप्पा झोडतो. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये निरनिराळ्या राष्ट्रांनी मिळून समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला करार केला. तेव्हापासून ह्या नियमांना आरंभ झाला. पुढे उतारू चढल्यापासून चोवीस तासांच्या आत कवायत घेतली म्हणजे पुरे, असे ठरले होते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा काँकॉर्डिया हे जहाज खडकावर आदळले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उताऱ्यांची कवायत व्हावयाची होती. चोवीस तास कोठे भरले होते? अंधारात, कललेल्या जिन्यांवर, आपण कोठे जावयाचे हे त्यांना ठाऊक नव्हते. बत्तीस माणसे गेली. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच झाली पाहिजे.

हे सर्व मी वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, पण कोस्टा काँकॉर्डिया खडकावर उताऱ्यांनी नेली नव्हती." तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. जहाज नेहमीचा मार्ग सोडून बेटाच्या नको तितके जवळ कप्तानानेच नेले होते, आणि उतारू आत असताना तो स्वतः बाहेर पडला होता. त्याबद्दल त्याला सोळा वर्षांची शिक्षा झाली. दक्षिण कोरियात १६ एप्रिल २०१४ रोजी सेवोल ही बोट कलंडली, तेव्हा सहलीस निघालेल्या शाळकरी मुलांना "आहात तेथेच थांबा" असे पुन्हा पुन्हा सांगण्यात आले. मुले आज्ञाधारक होती, ती थांबली. कप्तान मात्र निघून गेला. तीनशे चार माणसे बुडाली, त्यांत बहुतेक ती मुलेच होती. बोटीत मर्यादेपेक्षा किती तरी अधिक माल भरलेला होता.

हे उदाहरण शिक्षकाने सांगावे की नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. कारण मग आज्ञा तरी का पाळावी, असे कोणी विचारील. परंतु दडवून ठेवणे मला बरे वाटले नाही. आपल्या देशात बडोद्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. बोटीत मावतील त्याहून अधिक माणसे बसविली होती, आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. तेथे मुलांनी कोणता नियम मोडला? मोडला तो मोठ्या माणसांनी. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीस निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हाही तीवर परवानगीपेक्षा जास्त उतारू होते व अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. अशा वेळी उतारूला एक अधिकार असतो, त्याचा आपल्याला विसर पडतो. बोट भरलेली दिसली तर चढू नये; जॅकेट दिले नाही तर मागावे, मोठ्याने मागावे. "आमका घाई आसा" म्हणून आपणच भरल्या बोटीत घुसतो, आणि मग मालकाचे फावते.

उताऱ्यांवर सगळा दोष टाकून मोकळे होणे फार सोपे असते, ह्याचा आणखी एक दाखला देतो. शिकागो शहरात २४ जुलै १९१५ रोजी ईस्टलँड नावाची बोट धक्क्याला बांधलेली असतानाच उलटली व आठशे चव्वेचाळीस माणसे मेली. ती एका कारखान्यातील कामगार व त्यांची मुलेबाळे होती, वनभोजनास निघालेली. लोक एका बाजूस धावले म्हणून बोट उलटली, असे प्रथम पसरले. वस्तुतः ती बोट मुळातच वरजड होती; आणि टायटॅनिकनंतरच्या धास्तीने तिच्या माथ्यावर नुकत्याच आणखी जीवनौका चढविल्या होत्या. सुरक्षिततेसाठी ठेवलेले ओझेच बाधले! आगपेटीचा प्रयोग ज्यांनी केला असेल त्यांना हे लगेच पटेल.

आपल्या फेरीबोटींविषयी थोडे लिहून थांबतो. केरी-तेरेखोलची बोट असो, नार्व्याची असो की सारमानसची, एक दृश्य मी सर्वत्र पाहतो. पैलतीर पन्नास हात दूर असतानाच मोटारसायकली सुरू होतात. पुढचा लोखंडी रॅम्प खाली येऊ लागतो, आणि साखळी काढण्याआधीच चार-पाच जण तिच्याखालून वाकून रॅम्पवर जाऊन उभे राहतात. खलाशी ओरडतो. ते हसतात. ह्या हसण्याने दोन मिनिटे वाचतात. आणि ती दोन मिनिटे पुढे चहाच्या गाड्यावर घालविली जातात. रॅम्प म्हणजे कित्येक मणांचे लोखंड असते, ते काठाला टेकताना हिसका बसतो, व खाली पाणी आणि दगड असतात.

सहलीच्या त्या दिवशी संध्याकाळी दिवाडीहून परत येताना धक्क्यावरच मी मुलांना थांबविले. आधी वाहने चढू दिली. मग वीस-वीसच्या तीन ओळी केल्या, एक मध्ये, दोन दोहो अंगांस, आणि प्रत्येक ओळीशी एक शिक्षक उभा राहिला. मुलांना थोडे विचित्र वाटले, एकदोघे कुजबुजलेही. सूर्य मावळत होता व नदीत पुन्हा काही तरी काळे वाहत चालले होते. मुलांनी माना वळविल्या, पाय हलविले नाहीत. ते काय होते हे मलाही शेवटपर्यंत दिसले नाही, कारण मी ह्या वेळी डाव्या ओळीशी होतो.

खलाशी सकाळचाच होता. काठ जवळ आला तेव्हा तो आमच्यापाशी येऊन म्हणाला, "खंयची शाळा तुमची?" मी सांगितले. त्याने मान हलविली, रॅम्प टेकेपर्यंत थांबला, आणि मग साखळी काढण्यास पुढे गेला.